उष्णतेच्या लाटेत मित्राला ठाणं दाखवायचं असेल तर

बाहेरगावचा मित्र राहायला येणार, तिकिटं काढून झालेली, आणि नेमका त्याच आठवड्यात हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिलेला. ठाण्यात नव्याने राहायला आलेल्या बऱ्याच जणांवर एप्रिल-मेमध्ये ही वेळ येते. मग एकतर सगळा बेत रद्द होतो आणि सुट्टी पंख्याखाली लोळून संपते, नाहीतर ‘एवढं काय ऊन’ म्हणत दोघंही भर बाराला तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी, भटकत असतात. दोन्हीची गरज नाही. मी याच शहरात वाढलो. दर उन्हाळ्यात माझ्याकडे कुणी ना कुणी येतंच, आणि त्यांना फिरवता फिरवता जी पद्धत बसत गेली ती इथे क्रमाने लिहितो. नागपूरचा माझा एक मित्र यात मधूनमधून येईल. ठाण्याचा उकाडा बाहेरच्या माणसाला कसा फसवतो हे मी त्याच्याकडे बघूनच शिकलो.

१. आकड्यावर जाऊ नका, हवा बघा

हवामान खात्याच्या लाटेच्या निकषात मैदानी भागासाठी कमाल तापमान निदान ४० अंश धरलेलं आहे, किनारपट्टीसाठी ३७. त्याशिवाय ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असावं लागतं. म्हणजे ठाण्यात ३७-३८ अंशांनाच लाट जाहीर होऊ शकते. हे ऐकून नागपूरवाला हसतो. “सदतीस तं आमच्याकडे मार्चमधीच राह्यते बे!”

त्याचं म्हणणं त्याच्या गावापुरतं खरं आहे. तिकडची हवा कोरडी असते. घाम आला की लगेच वाळतो, आणि घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. आपल्याकडे खाडी आणि समुद्र असल्याने हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळतच नाही, नुसता निथळत राहतो. अंगातलं पाणी आणि मीठ जातं, अंग मात्र थंड होत नाही. ३८ अंश तापमान आणि ५० टक्के दमटपणा असेल तर सावलीतसुद्धा अंगाला जवळजवळ ४८ अंशांसारखं जाणवतं. थेट उन्हात त्याहून जास्त.

हे केवळ गणित नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला मोकळ्या मैदानावर तासन्‌तास उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी पारा ३८ च्या आसपास होता. ‘चाळिशी कुठे गाठलीय अजून’ असं कुणी म्हणालं की मला तो दिवस आठवतो, आणि मी त्या माणसाला बाहेर नेत नाही.

आदल्या रात्री तीन गोष्टी बघा: कमाल तापमान, दमटपणा आणि वाऱ्याची दिशा. हवामान खात्याचं ‘मौसम’ ॲप मोफत आहे. वाऱ्याकडे फारसं कुणी बघत नाही, पण आपल्या भागात सगळा खेळ त्याचाच असतो. एरवी दुपारी समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुरू होतो आणि पारा चढायचा थांबतो. लाटेच्या दिवसांत जमिनीवरून पूर्वेचे गरम वारे येतात, ते समुद्राच्या वाऱ्याला अडवून धरतात, आणि तो जितका उशिरा पोहोचेल तितका पारा वर जातो. ठाणं तर आतल्या बाजूला, मध्ये येऊरचे डोंगर. त्यामुळे कुलाब्याला वारा सुटला म्हणजे आपल्याकडेही सुटला असं समजू नका. फोनवर ‘मुंबई’ असं लिहून जे तापमान दिसतं तेही पुष्कळदा कुलाब्याचं किंवा सांताक्रूझचं असतं. शोधताना ‘ठाणे’ असंच टाका.

२. कोणत्या दिवशी बाहेर पडायचंच नाही

इशाऱ्याचे रंग सोपे आहेत. पिवळा असेल तर खाली दिलेल्या वेळा पाळून फिरता येतं. नारिंगी असेल तर फक्त सकाळचा भाग करा. लाल असेल तर घरी बसा.

रंग कुठलाही असो, पाहुणा रात्रभर रेल्वेने किंवा बसने प्रवास करून आला असेल तर पहिला दिवस त्याला झोपू द्या. ताप, जुलाब किंवा उलट्या होऊन गेल्या असतील, आदल्या रात्री मद्य घेतलेलं असेल, तरीही बाहेर पडू नका. रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह असेल किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर येण्याआधीच त्याला डॉक्टरांशी बोलून घ्यायला सांगा. गर्भवती मैत्रीण किंवा साठीपुढचे काका-मावशी येणार असतील तर लाटेचे दिवस टाळून दुसरी तारीख ठरवा, त्यात संकोच नको.

शरीराला नव्या उकाड्याची सवय व्हायला साधारण एक-दोन आठवडे लागतात. ‘मी विदर्भातला, मला सवय आहे’ हे वाक्य त्यामुळे अर्धंच खरं. कोरड्या उन्हाची सवय दमट उकाड्यात पुरेशी पडत नाही, आणि जो माणूस दिवसभर एसीत काम करतो त्याला तर कोरड्याचीही सवय उरलेली नसते.

३. जवळ काय काय असावं

– प्रत्येकाची वेगळी, निदान एक लिटरची पाण्याची बाटली. दोघांत एक नको. कोण किती प्यायलं हे मग कळत नाही.
– ओआरएसच्या (पाण्यात मिसळायच्या मीठ-साखरेच्या) दोन-तीन पुड्या. घेताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचा. फळांच्या चवीची खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.
– छत्री. पुरुषांना उन्हात छत्री धरायचा संकोच वाटतो, तो सोडा. टोपीने डोकं झाकलं जातं, छत्रीने खांद्यांपर्यंत सगळं.
– सुती पंचा किंवा मोठा रुमाल, आणि एक जादा सुती सदरा. घामाने चिंब झालेला सदरा दिवसभर अंगात ठेवला की घामोळं उठलंच.
– सरकारी ओळखपत्र. काही प्रार्थनास्थळी आत जाताना मागतात, आणि दवाखान्यात जायची वेळ आली तरी लागतं.
– चालू औषधांची नावं, रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर कागदावर लिहून खिशात. दोघांनीही.
– सुट्टे पैसे, चार्ज केलेला फोन आणि पॉवरबँक. फोन उन्हात हातात धरून चालू नका, तापला की बंद पडतो.

सैल, फिक्या रंगाचे सुती कपडे आणि चपलांऐवजी सँडल किंवा मोकळे बूट. जीन्स घरी राहू द्या.

४. निघण्याआधी दोघांनी एकमेकांशी ठरवून घ्या

ही पायरी लोक गाळतात. माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

उष्णता चढायला लागली की माणसाची समज मंदावते. ज्याला त्रास होतोय त्याला स्वतःला ते नीट कळत नाही. तो म्हणतो, ‘मी ठीक आहे, चल पुढे.’ त्यामुळे स्वतःकडे लक्ष देणं पुरत नाही, तुम्ही मित्राकडे बघायचं आणि त्याने तुमच्याकडे. एकट्याने फिरण्यापेक्षा दोघांनी फिरणं सुरक्षित आहे ते एवढ्यासाठीच, आणि ही गोष्ट आधी तोंडाने बोलून ठरवलेली असली तरच तिचा उपयोग होतो.

ठरवायचं असं. दोघांपैकी कुणीही ‘बस’ म्हटलं की थांबायचं, वाद नाही, चिडवणं नाही. दर वीस-तीस मिनिटांनी दोघांनीही पाणी प्यायचं, तहान असो वा नसो. बोलका माणूस गप्प झाला, विनाकारण चिडचिड करू लागला, पाय ओढत चालू लागला किंवा तोच प्रश्न परत विचारू लागला, तर त्याला न विचारता सावलीत न्यायचं. नागपूरवाला एरवी अखंड बोलतो. तो गप्प झाला की मी लगेच रसवंती शोधतो.

मित्रांमध्ये ‘तू नाजूक झालास का रे’ असं बोलायची सवय असते. या चार दिवसांत ती बंद ठेवा. त्या एका वाक्यामुळे माणूस त्रास लपवतो.

५. सकाळ: सहा ते साडेनऊ

दिवसातला फिरायचा खरा वेळ हाच. साडेपाचला उठून सहाला घराबाहेर पडता आलं तर निम्मं जुनं ठाणं नाश्त्याच्या आत बघून होतं.

सुरुवात स्टेशनापासून करा. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून निघून ठाण्याला पोहोचली, ३४ किलोमीटर. ती एप्रिलचीच दुपार होती, गाडी साडेतीनच्या सुमारास सुटली होती. पश्चिमेला बाहेर पडलात की वर सॅटिसचा पूल, त्यावरून टीएमटीच्या, म्हणजे ठाणे महापालिकेच्या, बस सुटतात. सकाळी बसची गरज नाही. तलावपाळीपर्यंत दहा-पंधरा मिनिटांत चालत पोहोचता.

मासुंदा तलावाला सकाळी एक फेरी मारा. फिरायला आलेली मंडळी असतात, पाण्यावरून थोडा वारा येतो. काठावरच कोपिनेश्वराचं मंदिर आहे. ठाणं म्हणजे शिलाहार राजांचं श्रीस्थानक, तेव्हापासून या जागेला महत्त्व आहे. आजचं मंदिर पेशवाईतलं, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० मध्ये बांधलेलं. गाभाऱ्यातलं शिवलिंग इतकं मोठं आहे की पहिल्यांदा बघणारा थबकतोच. इथे सकाळी येण्याचं आणखी एक कारण: दहानंतर अंगणातली फरशी तापते आणि अनवाणी पाय भाजतात. दुपारी पाहुण्याला देवदर्शनाला आणू नका, आणलंतच तर पायात मोजे ठेवा.

मंदिरातून बाहेर पडलात की जांभळी नाक्याचा बाजार. फुलं, भाजी, आणि या दिवसांत ताडगोळे, करवंदं, जांभळं, कैऱ्या. विदर्भ-मराठवाड्यातल्या पुष्कळांनी ताडगोळा खाल्लेला नसतो. सोलून देतात तसा घ्या, कोवळा निवडा, घरी नेऊन धुऊन खा. नागपूरवाल्याने पहिला ताडगोळा खाल्ल्यावर पिशवी भरून घेतली होती. मे महिन्यात ठाण्याला आल्याचं सार्थक मला तरी या बाजारात वाटतं.

तलावाच्या जवळच पोर्तुगीजांच्या काळापासूनचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे. तिथून टेंभी नाक्याकडे गेलं की बेने इस्रायली (मराठी ज्यू) समाजाचं शार हाशमाइम सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, १८७९ सालचं. आत जायचं तर आधी परवानगी विचारा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. चरईतली पारशी अग्यारी १७८० ची, ती बाहेरूनच बघायची, आत फक्त पारशी जातात. एवढ्याशा अंतरात मंदिर, चर्च, सिनेगॉग आणि अग्यारी. चालत, घाई न करता, तासाभरात होतं.

वेळ उरला तर कोर्ट नाक्याच्या बाजूला मध्यवर्ती कारागृहाची भिंत दाखवा. हा मूळचा ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला होता, १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. १९ एप्रिल १९१० रोजी क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी दिलं गेलं. कारागृह चालू आहे, त्यामुळे बाहेरूनच नमस्कार करायचा आणि फोटो काढायचे नाहीत.

चालताना सावली कुठून मिळते याचा थोडा विचार करा. सकाळी ऊन पूर्वेकडून येतं, म्हणून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यावर पूर्वेकडच्या इमारतींना चिकटून चाला. हा उपाय सकाळपुरताच. मेच्या मध्यावर ठाण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या पुढे-मागे सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि इमारतीची सावली तिच्या पायाशीच संपते. ‘सावलीसावलीतून जाऊ’ हे तेव्हा चालत नाही.

येऊर आणि ऐरोली याच वेळेत, पण वेगळ्या दिवशी. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. जंगल म्हटलं की गर्द सावली डोळ्यांसमोर येते, आणि तिथेच लोक फसतात. हे पानगळीचं जंगल आहे. साग आणि इतर बरीच झाडं एप्रिलमध्ये बोडकी असतात, वाळक्या पाचोळ्यावरून चालताना सावली शोधावी लागते आणि वाटेत पाणी मिळत नाही. उजाडताच जा, वनखात्याच्या चौकीवर विचारल्याशिवाय आत शिरू नका, साडेआठला परतीला लागा. संध्याकाळी जाऊ नका, बिबट्यांचा वावर आहे. खाली उतरल्यावर उपवन तलावाच्या काठी बसा.

ऐरोलीला ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकलने थोड्याच मिनिटांत पोहोचता. तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात होडीने नेतात. २०२२ मध्ये या खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. रोहित पक्षी मेपर्यंत दिसतात. होडीच्या वेळा भरतीवर ठरतात, त्यामुळे आधी चौकशी करून नोंदणी करा, आणि दुपारची वेळ मिळत असेल तर सरळ नाही म्हणा. वर छप्पर असलं तरी पाण्यावरून परतणारं ऊन अंगावर येतं.

६. काय प्यायचं, काय खायचं

नुसतं पाणी भरपूर प्यायलं की काम झालं, असा समज आहे. घामातून मीठही जातं. तीन-चार तास फक्त पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ कमी होऊन चक्कर येते, मळमळतं. म्हणून मधूनमधून मीठ घातलेलं ताक, कोकम सरबत, पन्हं किंवा लिंबू सरबत घ्या. ओआरएसची पुडी नसेल तर घरी करता येतं: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. प्रमाण चुकवू नका, मीठ जास्त झालं तर अपाय होतो. मधुमेहाच्या माणसाने सरबतांचा हिशोब ठेवावा.

शहाळं सगळ्यात बिनधोक, डोळ्यांसमोर फोडतात. उसाचा रस बिनबर्फाचा सांगा. राज्यात २०१८ पासून खाण्यालायक नसलेला बर्फ निळसर रंगवायचा नियम आहे, पण गाडीवरच्या ग्लासातला बर्फ कुठून आला हे बघणं शक्य नसतं. नीरा प्यायची तर सकाळी लवकर, नीरा केंद्रावर. ऊन चढेल तशी ती आंबते.

पाहुण्याला मामलेदारची झणझणीत मिसळ खायचीच असते. ती लाटेच्या दिवशी दुपारी नको, संध्याकाळ जरा बरी असेल त्या दिवसासाठी ठेवा. सकाळी पोहे, उपमा, इडली असं हलकं. दुपारी दहीभात, काकडी, कांदा, कलिंगड. वडापाव मी बंद करायला सांगणार नाही, ठाण्यात येऊन ते शक्यही नाही. सकाळी खा.

७. दुपार: अकरा ते साडेचार

या वेळात उघड्यावर काहीही ठेवू नका. सगळ्यात चांगली जागा घर: थंड पाण्याने अंघोळ, हलकं जेवण, पडदे ओढून झोप. पहाटे उठलेल्या माणसाला झोप लागतेच आणि संध्याकाळ हाती येते.

घर लांब असेल तर मराठी ग्रंथ संग्रहालयात जा. १ जून १८९३ रोजी सुरू झालेली ही संस्था, वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने उभी राहिली. वाचनाची आवड असलेल्या मित्राला तिथून उठवावं लागतं. उघडं असण्याची वेळ आधी फोन करून विचारा. नाटकाची हौस असेल तर गडकरी रंगायतन किंवा काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात दुपारचा प्रयोग आहे का बघा, दोन-अडीच तास थंडाव्यात जातात. यातलं काहीच जमलं नाही तर मॉल आहेतच.

या वेळातले दोन सापळे रेल्वेचे आहेत. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद) असतो, साधारण अकरा ते चार, म्हणजे नेमका भाजणारा वेळ. गाड्या कमी, फलाटावर गर्दी, डब्यात हवा नाही. शनिवारीच वेळापत्रक बघून ठेवा. एम-इंडिकेटर ॲपवर कळतं. दुसरा सापळा एसी लोकलचा. तिचं तिकीट वेगळं असतं. साधं तिकीट किंवा पास घेऊन चढलात तर दंड होतो, आणि नव्या माणसाला हे माहीत नसतं. साध्या लोकलने जायचं झालं तर दारात उभं राहून वारा घेण्याचा मोह टाळा. चक्कर आली तर धरायला कुणी नसतं.

घोडबंदर रस्त्याने दुपारी रिक्षाने जाऊ नका. कोंडीत अडकलात की तापलेलं डांबर, बाजूच्या ट्रकचा धूर आणि डोक्यावर रेक्झिनचं छप्पर. शिवाय जेवणाच्या वेळी रिक्षा मिळणंही अवघड. ‘पुढच्या नाक्यावर मिळेल’ म्हणत चालत सुटण्यापेक्षा जिथे आहात तिथे सावलीत थांबा.

८. संध्याकाळ

ऊन उतरलं म्हणजे उकाडा उतरला असं नाही. भिंती, रस्ते, पदपथ दिवसभर तापलेले असतात आणि सूर्य मावळल्यावरही उष्णता सोडत राहतात. साडेपाचच्या आत निघू नका.

संध्याकाळी पाण्याच्या काठी जा: तलावपाळी, पाचपाखाडीचा कचराळी तलाव, किंवा वाहन असेल तर गायमुखची चौपाटी. तलावपाळीला होड्या असतात, पोरांची गर्दी असते, भेळ-कुल्फीच्या गाड्या लागतात. खरेदी करायची तर राम मारुती रोड आणि गोखले रोड सातनंतर. दुकानांत शिरून मधूनमधून थंड होता येतं. सकाळी साडेतीन तास चालला असाल तर संध्याकाळी तेवढंच चालायचा आग्रह धरू नका. बसून गप्पा मारणंही मित्राला शहर दाखवणंच आहे.

९. त्रास झाला तर

पायात गोळे येणं, डोकं दुखणं, मळमळ, भरपूर घाम, चक्कर, गळून गेल्यासारखं वाटणं: हा उष्णतेचा थकवा. सावलीत किंवा पंख्याखाली आडवं करा, कपडे सैल करा, अंग पाण्याने पुसा, माणूस शुद्धीवर असेल तर ओआरएस घोटघोट द्या. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही किंवा उलट्या थांबल्या नाहीत तर दवाखाना. बरं वाटलं तरी त्या दिवशीचं फिरणं संपलं.

असंबद्ध बोलणं, कुठे आहोत ते न कळणं, अंग चटका बसेल इतकं तापणं, झटके, शुद्ध हरपणं: हा उष्माघात, आणि यात मिनिटं मोजायची असतात. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. ‘घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही’ यावर विसंबू नका, चालूनफिरून झालेल्या उष्माघातात अंग घामाने ओलं असू शकतं.

एकाने १०८ ला फोन करायचा, दुसरं कुणी जवळ असेल त्याला कामाला लावायचं. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबून राहायचं नाही. जवळच्या दुकानातून, टपरीवरून, सोसायटीच्या नळावरून मिळेल तेवढं पाणी आणून अंगावर ओता, कागदाने, पुठ्ठ्याने जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, घशात अडकतं. तापाची गोळी देऊ नका, या तापाला ती लागू पडत नाही. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका.

फोनवर जागा सांगताना नाक्याचं नाव, मोठ्या दुकानाची पाटी आणि पूर्व की पश्चिम हे सांगा. ठाण्यात पत्त्यापेक्षा नाका लवकर सापडतो. महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय कळव्याला आहे. तुमच्या घराजवळचं चोवीस तास चालू असणारं रुग्णालय कोणतं, हे मित्र यायच्या आधीच बघून ठेवा.

१०. रात्र, आणि दुसऱ्या दिवसाचं ठरवणं

दमट हवेत रात्रीही तापमान फारसं उतरत नाही, आणि शरीराला दिवसभराचा ताण उतरवायला रात्रीचा गारवा लागतो. एसी असेल तर पाहुण्याला त्या खोलीत झोपवा. नसेल तर झोपण्याआधी अंघोळ, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, पंखा, आणि उशाशी पाण्याचा तांब्या. विदर्भात घरोघरी असणारा वाळ्याचा कूलर इथे विकत आणू नका. तो हवेत आणखी ओल सोडतो आणि ठाण्यात उकाडा वाढवतो.

दुसऱ्या दिवशीचा बेत रात्री पक्का करू नका. सकाळी उठल्यावर मित्राला तीन प्रश्न विचारा: झोप झाली का, डोकं जड आहे का, लघवी गडद पिवळी होतेय का. एकाचंही उत्तर मनासारखं नसेल तर येऊर पुढे ढकला, जांभळी नाक्यावरून ताडगोळे आणा आणि दिवस घरात काढा.